धागा: "झालाय अभ्यास" हे मुलाला कशावरून कळतं?

कृष्णाकाठ (सांगली)

सातवी ते दहावीच्या मुलांबद्दल विचारायचं आहे. धडा वाचला की "येतंय सगळं" म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. पेपरात मात्र नेमका तोच प्रश्न कोरा सुटतो. याला आळस म्हणणं अन्याय होईल. चुकतो तो अंदाज. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, हे त्यांना आतून कळत नाही. शाळेत विषय शिकवतात, ही गोष्ट वेगळी अशी कुणी शिकवत नाही. आईवडिलांनी रोज प्रश्न विचारत बसावं हा उपाय मला पटत नाही, कारण दहावीनंतर कोण विचारणार?

मुलाने स्वतःच स्वतःला तपासायचं तर नेमकं काय करायचं? "आत्मपरीक्षण करावे" असं मोघम नको. किती मिनिटं, कोणत्या वहीत, कधी, आणि चूक सापडल्यावर पुढे काय, असं लिहा. विषयवार लिहिलंत तर फारच बरं.

खडूफळा (सातारा)

ताई, ओळखणं आणि आठवणं या दोन कामांत मुलांची गल्लत होते. तिसऱ्यांदा वाचताना ओळी सरसर पुढे जातात, आणि ती सरसर मुलाला "समजलं" अशी वाटते. पेपरात पुस्तक समोर नसतं, तिथे ओळखीचा उपयोग शून्य.

रीत साधी आहे. संध्याकाळी धडा वाचायचा. त्याच वेळी तपासायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक दप्तरात ठेवून कोरं पान घ्यायचं आणि दहा मिनिटांत निळ्या पेनाने आठवेल ते लिहायचं, तुटक चालेल, आकृती चालेल. मग पुस्तक उघडायचं आणि राहिलेलं, चुकलेलं त्याच पानावर लाल पेनाने भरायचं. पानावर लाल किती आणि निळं किती, हे मूल स्वतः बघतं. कुणी सांगावं लागत नाही.

रात्रभराचं अंतर का? वाचल्या वाचल्या "आठवेल का?" असं मनाला विचारलं, तर नुकतंच डोळ्यांपुढून गेलेलं असल्यामुळे मन हो म्हणतं. थोड्या वेळाने विचारलं तर ते बरंच खरं बोलतं. नेल्सन आणि डन्लॉस्की यांनी १९९१ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं आहे.

हळकुंड (सांगली)

वाखुसा (वाचनखूण साठवली). लाल-निळं आजपासून सुरू.

यवतेश्वर (सातारा)

खडूफळा सर, याच्याशी जोडून एक प्रयोग सांगतो, कारण मुलांना आकडे दाखवले की पटतं. रोडिगर आणि कार्पिकी, २००६. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणारे ४० वर घसरले आणि आठवणारे ६१ वर राहिले. आणखी एक गोष्ट: "आठवड्याने तुम्हाला किती आठवेल?" असं आधीच विचारलं होतं, आणि त्या अंदाजात चारदा वाचणारेच पुढे होते. ज्यांचं सगळ्यात जास्त विसरणार होतं, त्यांनाच सगळ्यात जास्त खात्री होती. ताईंनी धाग्यात लिहिलेली अडचण ती हीच.

गणितवेडा (कराड)

इतिहास-विज्ञानाला कोरं पान चालेल. गणिताला तेवढ्याने भागत नाही. गणितात मूल रीत आठवतं आणि तरी उत्तर चुकतं. तिथे स्वतःवर लक्ष ठेवायचं ते उदाहरण चालू असताना, तीन ठिकाणी थांबून.

पहिला थांबा, लिहिण्याआधी: काय दिलंय, काय काढायचंय, एकक कोणतं. तीन छोट्या ओळी.
दुसरा, मध्यावर: मी आत्ता जी पायरी करतोय ती कशासाठी? उत्तर देता आलं नाही तर पेन खाली.
तिसरा, उत्तरानंतर: हे उत्तर उलट टाकून बघता येतं का?

अंकगणिती श्रेढीचं घ्या. पहिलं पद ७, साधारण फरक ६, सत्ताविसावं पद काढा. बरीच मुलं ७ + २७ × ६ करून १६९ लिहितात. बरोबर उत्तर ७ + २६ × ६ = १६३. इथे "सूत्र नीट पाठ कर" हा सल्ला कामाचा नाही. स्वतः तपासायची युक्ती द्यावी: तुझ्या सूत्राने पहिलं पद काढ. चुकीच्या सूत्राने ७ + १ × ६ = १३ येतं, आणि पहिलं पद तर ७ दिलंय. दहा सेकंदांत चोर सापडतो.

अर्थनियोजनातही तसंच. जीएसटीसह किंमत २९५० रुपये, दर १८ टक्के, मूळ किंमत किती? मुलं २९५० चे १८ टक्के, म्हणजे ५३१, वजा करून २४१९ लिहून मोकळी होतात. उलट तपासा: २४१९ चे १८ टक्के सुमारे ४३५, बेरीज सुमारे २८५४. जुळत नाही. म्हणजे टक्के चुकीच्या रकमेवर घेतले. २९५० × १०० ÷ ११८ केलं की २५०० येतात, त्यावर ४५० कर, बेरीज २९५०. जुळलं.

पाटण_खोरे

गणितवेडा, हे छानच आहे, पण एक हरकत. नवी रीत शिकत असताना असे तीन थांबे घेतले तर मूल गोंधळतं. डोक्याची जागा मर्यादित असते. रीतही नवी आणि वर स्वतःवर पहाराही, दोन्ही एकदम झेपत नाही. पहिली दोन-तीन उदाहरणं सोडवलेलीच वाचावीत, प्रत्येक पायरीपुढे "ही का केली?" एवढंच समासात लिहावं. थांबे चौथ्या उदाहरणापासून.

गणितवेडा (कराड)

मान्य. दुरुस्ती करतो: तिसरा थांबा, म्हणजे उलट तपासणं, पहिल्या दिवसापासून. पहिले दोन चौथ्या-पाचव्या उदाहरणापासून.

यवतेश्वर (सातारा)

पाटण_खोरे यांच्या "ही का केली?" या प्रश्नाला चांगला आधार आहे. मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये भौतिकशास्त्राची सोडवलेली उदाहरणं विद्यार्थ्यांना मोठ्याने बोलत अभ्यासायला दिली. पुढे ज्यांना प्रश्न चांगले सुटले, ती मुलं अभ्यास करताना "हे मला कळलं नाही" असं जास्त वेळा म्हणत होती. ज्यांना सुटले नाहीत ती "कळलं, कळलं" करत पुढे गेली होती.

घरी आणि वर्गात "कळलं का?" असं विचारलं की सगळे माना डोलावतात. "कुठे अडलं?" असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला "हो" हे उत्तर तयार असतं, दुसऱ्याला काहीतरी शोधावं लागतं.

शाई_आणि_कागद (वाई)

भाषेबद्दल लिहिते. निबंध किंवा पत्र लिहून झाल्यावर मुलांना "एकदा वाचून बघ" म्हणतो आपण. ती वाचतात आणि चूक दिसत नाही, कारण जे लिहायचं होतं ते डोक्यात असतं आणि डोळे तेच वाचतात. एका वाचनात सगळ्या चुका शोधायच्या नसतात. तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत एकच गोष्ट.

पहिली फेरी: प्रत्येक वाक्याचं क्रियापद बोटाने दाखवायचं. सापडलं नाही तर वाक्य अर्धवट आहे.
दुसरी: शब्दाच्या शेवटचे इकार-उकार. मराठी शब्दांत ते दीर्घ, पाणी, लाडू, वाळू. तत्सम अव्ययं, आणि, नि असे अपवाद एका चिठ्ठीवर वेगळे लिहून वहीत चिकटवावेत.
तिसरी: प्रत्यय लागलेले शब्द. गरीब पण गरिबाला, दूध पण दुधाला, फूल पण फुलाला. इथे मुलं हमखास घसरतात, कारण मूळ शब्द बरोबर माहीत असतो आणि तोच तसा पुढे ओढला जातो.

लिहिणं आणि पहिली फेरी यांत निदान अर्धा तास जाऊ द्यावा. दुसरी आणि तिसरी फेरी शेवटच्या वाक्याकडून वर यायची, म्हणजे अर्थ डोळ्यांना ओढून नेत नाही. चुका मोजून समासात आकडा लिहायचा. चार निबंधांनंतर कोणत्या फेरीत जास्त सापडतात ते दिसतं, तीच फेरी मग आधी करायची.

हळकुंड (सांगली)

ताई, "आणि"चा णि ऱ्हस्व हे आज चिठ्ठीवर गेलं, कपाटाच्या दारावर लागलंय.

द्राक्षबाग (तासगाव)

आमच्याकडची उपमा देतो. घड पिवळसर दिसला, मणी मऊ लागला, तरी कुणी जाणता बागायतदार त्यावर काढणी धरत नाही. बागेतल्या वेगवेगळ्या ओळींतले मणी घेऊन रस रिफ्रॅक्टोमीटरवर टाकतो आणि ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघतो. सावलीतल्या ओळीचेही मणी घेतो, फक्त उन्हातले घेतले तर आकडा फसवतो. मुलं स्वतःची परीक्षा घेताना उन्हातलेच मणी घेतात की ओ! आवडता धडा, सोपा प्रश्न. म्हणून स्वतःला विचारायचे प्रश्न धड्याच्या सगळ्या भागांतून चिठ्ठ्या टाकून उचलावेत. स्वाध्यायातल्या प्रत्येक प्रश्नाची एक चिठ्ठी, डबा हलवायचा, पाच काढायच्या.

शाई_आणि_कागद (वाई)

द्राक्षबाग दादा, सावलीची ओळ! वर्गात हा शब्द वापरणार.

माहुलीची_वाट (सातारा)

स्पर्धा परीक्षांच्या अंगाने लिहितो, कारण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत शिष्यवृत्तीची तयारी घरोघरी असते. एका पेपरला ७५ प्रश्न, १५० गुण, ९० मिनिटं. म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. सरावाच्या पेपरात प्रत्येक उत्तराशेजारी मुलाने एक खूण करायची: खात्री असेल तर बरोबरची खूण, शंका असेल तर प्रश्नचिन्ह, अंदाजपंचे असेल तर शून्य. उत्तरसूची नंतर. मग चार ढीग मोजायचे: खात्री होती आणि बरोबर, खात्री होती आणि चूक, शंका होती आणि बरोबर, शंका होती आणि चूक.

सगळ्यांचं लक्ष एकूण गुणांवर जातं. माझ्या मते दुसरा ढीग सगळ्यात मोलाचा. तिथे मुलाच्या डोक्यात काहीतरी चुकीचं पक्कं बसलेलं असतं, आणि ते त्याला कधीच शंका म्हणून दिसणार नाही. बरं, ही चूक दुरुस्तही चांगली होते. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवलं की पूर्ण खात्रीने दिलेलं उत्तर चूक निघालं, तर त्याची दुरुस्ती अधिक पक्की लक्षात राहते. धक्का बसतो, लक्ष जातं. अट एवढीच की बरोबर उत्तर समोर यावं.

तिसरा ढीगही सोडू नका. शंका होती आणि बरोबर आलं, म्हणजे गुण मिळाले पण मालकी नाही. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न पुन्हा.

पाटण_खोरे

माहुलीची_वाट, एक विचारतो. क्लासमध्ये सर्रास सांगतात की पहिलं सुचलेलं उत्तर बदलू नये. मग शंकेच्या खुणा करून काय साधतं?

माहुलीची_वाट (सातारा)

तो समज चुकीचा आहे. जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पेपरांवरची खाडाखोड तपासली. चुकीचं खोडून बरोबर केल्याची उदाहरणं बरोबर खोडून चूक केल्यापेक्षा जास्त निघाली. बरोबरचं खोडल्याची हळहळ जास्त लक्षात राहते, म्हणून उलटं वाटतं. पण ओएमआरवर, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेवर, पेनाने गोल एकदा भरला की बदलता येत नाही. म्हणून पहिल्या फेरीत फक्त खात्रीचे गोल भरावेत, शंकेच्या प्रश्नांना प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीचा ठिपका. दुसऱ्या फेरीत ठिपक्यांकडे परत. गोल भरताना प्रश्नाचा क्रमांक ओठांत म्हणायचा, नाहीतर एक प्रश्न सोडला की पुढचे सगळे गोल एक घर सरकतात.

मिरजेचा_तंबोरा (मिरज)

तुमच्या चर्चेत वाचनाचा भाग राहिला. वाचता वाचता "इथे माझा धागा सुटला" हे त्याच क्षणी कळणं, ही सगळ्याची मुळं. एलन मार्कमन यांनी १९७९ मध्ये तिसरी ते सहावीच्या मुलांना मुद्दाम विसंगती घातलेले उतारे दिले. एकात समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नाही असं लिहिलं होतं आणि पुढे मासे अन्न रंगावरून ओळखतात असं. पुष्कळ मुलांना त्यात काहीच खटकलं नाही. प्रत्येक वाक्य सुटं सुटं समजत होतं, दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून बघणं होत नव्हतं. त्याच साली जॉन फ्लॅवेल यांचा मेटाकॉग्निशनवरचा, म्हणजे स्वतःच्या विचारावर लक्ष ठेवण्यावरचा, प्रसिद्ध लेख आला. आपण बोलतोय त्या विषयाला नाव मिळालं ते या काळात.

घरी करायचा खेळ: मोठ्यांनी पाच-सहा ओळींचा उतारा लिहावा आणि त्यात एक विसंगती पेरावी. उदाहरणार्थ:

"कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडला कोयना मिळते. कराड सोडल्यावर ती सांगलीकडे येते. त्यामुळे सांगलीत वाढलेलं पाणी दुसऱ्या दिवशी कराडला पोचतं आणि तिथल्या लोकांना सावध व्हावं लागतं."

सांगलीचं मूल लगेच हसेल. साताऱ्याचंही हसेल. आता असाच उतारा पेशींवर किंवा विद्युतधारेवर लिहा, बरीच शांतता पसरते. म्हणून हा खेळ आधी ओळखीच्या गोष्टींवर घ्यावा, विसंगती पकडण्याची चटक लागली की मग शाळेच्या विषयावर.

कृष्णाकाठ (सांगली)

किती सुंदर उदाहरण! नदी उलटी वाहिलेली इथल्या मुलांना चालणारच नाही.

खडूफळा (सातारा)

मिरजकर, या खेळातून एक गोष्ट उघड होते ती ठळक करतो. स्वतःवर लक्ष ठेवणं ही एकदा शिकली की सगळीकडे चालते अशी सुटी कला नाही, विषयाची थोडी ओळख लागतेच. ज्याला काहीच येत नाही त्याला आपल्याला येत नाही हेही कळत नाही. डनिंग आणि क्रुगर यांच्या १९९९ च्या अभ्यासात सगळ्यात खालच्या चौथाईतली मुलं प्रत्यक्षात बाराव्या शतमकावर (म्हणजे शंभरांतल्या बारा जणांच्याच पुढे) होती आणि स्वतःला बासष्टाव्यावर समजत होती. अशा मुलाला "स्वतः तपास" म्हणून सोडून देणं योग्य नाही. त्याला आधी शिकवावं लागतं.

शाई_आणि_कागद (वाई)

उतारा वाचनासाठी पालिन्सर आणि ब्राऊन यांची १९८४ ची पद्धत वर्गात चांगली चालते. चार जणांचा गट, परिच्छेदागणिक कामं बदलायची. एकाने प्रश्न विचारायचा, एकाने एका वाक्यात सार सांगायचं, एकाने अडलेला शब्द किंवा वाक्य धरून उलगडायचं, एकाने पुढे काय येईल ते सांगायचं. घोटाळा कुठे होतो? सार सांगणारी मुलं पहिलं वाक्यच जसंच्या तसं म्हणतात. पुस्तक पालथं ठेवून सार सांगायचं हा नियम केला की ते थांबतं. दुसरं, "अडलं काही नाही" असं म्हणायची मुभा देऊ नये. अडलं नसेल तर लहान भावंडाचं कुठे अडेल ते सांगायचं.

सेमीवाले_पालक (इस्लामपूर)

सेमी इंग्रजीबद्दल कुणी लिहिलं नाही. विज्ञानाच्या व्याख्या इंग्रजीत घडाघडा म्हणतात, त्यामुळे मुलाला आणि घरच्यांना दोघांनाही येतंय असं वाटतं. तिथे तपासायचं कसं?

खडूफळा (सातारा)

दोन चाळण्या लावा. पहिली: तीच गोष्ट मराठीत सांगायची, आणि पारिभाषिक शब्द न वापरता. रिफ्रॅक्शन हा शब्द बंद. "प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात तिरका शिरला की त्याचा वेग बदलतो आणि तो वाकतो" इतकं सांगता आलं पाहिजे.

दुसरी: व्याख्येच्या कडेला जाऊन प्रश्न विचारायचा. सरळ, लंब शिरला तर? वाकणार नाही, पण वेग बदलेलच. मूल म्हणालं की "दाट पदार्थात जास्त वाकतो", तर विचारा, पाणी आणि रॉकेल? रॉकेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे त्याची घनता कमी, पण त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा) १.४४ आणि पाण्याचा १.३३. इथे पाठांतर संपतं आणि काय कळलंय ते दिसतं. व्याख्या म्हणून झाल्यावर "हे कधी खरं ठरणार नाही?" हा एक प्रश्न मुलाने स्वतःला विचारायची सवय लावावी.

पाटण_खोरे

सगळं पटतंय, पण एवढं तपासत बसायचं तर अभ्यास कधी? शाळा, क्लास, गावाकडच्या मुलांना एसटीचा प्रवास. हातात उरतो दीड तास.

गणितवेडा (कराड)

तपासणं वेगळं काढू नका, तोच अभ्यास. ४५ मिनिटांचा तास धरा. पहिली ८ मिनिटं कालच्या पानाची निळी परीक्षा. मग २७ मिनिटं नवीन भाग. शेवटची १० मिनिटं दोन उदाहरणं न बघता. वेळ वाचतो तो येणारं पुन्हा पुन्हा वाचण्यातला. दहावीच्या बीजगणिताचं पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा पुन्हा सुरू करणारी मुलं दोन चलांतल्या रेषीय समीकरणांत पटाईत असतात, आणि संभाव्यता-सांख्यिकीपर्यंत पोचतच नाहीत.

चुकांची नोंद मात्र वेगळ्या वहीत. पानाचे चार रकाने: तारीख, उदाहरण, चुकीचं अक्षर, परत सोडवल्याची तारीख. अक्षरं पाच. वा म्हणजे प्रश्न वाचताना चुकलं. स म्हणजे संकल्पनाच कळली नव्हती. री म्हणजे रीत निवडताना. आ म्हणजे आकडेमोड. उ म्हणजे एका ओळीतून दुसऱ्या ओळीत उतरवताना, चिन्ह बदललं, वर्ग राहिला. "चुकून झालं" असं सहावं अक्षर नाही, आणि हा नियम कडक पाळावा. चुकून झालेल्या वीस चुका नीट बघितल्या तर त्यातल्या बऱ्याच "उ" निघतात, आणि "उ"चा उपाय सोपा आहे: एका ओळीत एकच बदल करायचा, बरोबरची (=) चिन्हं एकाखाली एक ठेवायची. "स" आला तर वहीत सोडवत बसायचं नाही, सरांकडे किंवा बाईंकडे जायचं.

यवतेश्वर (सातारा)

पेपरच्या वेळेबद्दल भर घालतो. बीजगणित किंवा भूमिती, ४० गुण, २ तास. तपासायला १५ मिनिटं बाजूला ठेवली तर १०५ उरतात, गुणाला साधारण अडीच मिनिटं. मराठीचा पेपर ८० गुणांचा, ३ तासांचा, गुणाला सव्वादोन मिनिटं, त्यातच तपासणी. सराव करताना प्रत्येक प्रश्नाच्या आधी अंदाजे वेळ लिहायची आणि नंतर प्रत्यक्ष. पेपरच्या वरच्या कोपऱ्यात गुणांचंही तसंच, अंदाज, प्रत्यक्ष, फरक. फरक कमी होत जाणं हीच प्रगती. गुण ३१ वरून ३१ वरच राहिले, पण अंदाज ३८ वरून ३२ वर आला, तर मूल पुढे सरकलंय.

कृष्णाकाठ (सांगली)

हे शेवटचं वाक्य मी वहीत उतरवलं. पण आता मोठा प्रश्न. पाहून झालं, मोजून झालं, लाल-निळं दिसलं. पुढे काय? बरीच मुलं लाल पान बघतात, खट्टू होतात आणि वही मिटतात.

द्राक्षबाग (तासगाव)

ताई, तुम्ही सांगलीच्या, कृष्णेच्या पुराची पातळी जिथे बघतात तो आयर्विन पूल तुम्हाला सांगायला नको. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. आकडा बघून प्रत्येक घराला ठाऊक असतं की आता काय करायचं, कोणतं सामान वर न्यायचं, कधी निघायचं. आकडा ठरलेला आणि कृतीही आधीच ठरलेली, म्हणून गोंधळ कमी. मुलाच्या पानालाही असे टप्पे हवेत.

खडूफळा (सातारा)

दादांनी नेमकं सांगितलं. टप्पे असे ठेवा, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. निळं पाचात चार भाग किंवा जास्त असेल तर तो धडा आठवडाभर उघडायचा नाही, आठ दिवसांनी परत कोरं पान. निम्म्यापासून पाचात चारपर्यंत असेल तर फक्त लाल भाग वाचायचा आणि दोन दिवसांनी तेवढाच लिहायचा, पूर्ण धडा परत वाचायचा नाही. निम्म्याहून कमी असेल तर पाठ करायच्या फंदात पडायचंच नाही. समजलंच नाही असं धरायचं, शिक्षकांकडून किंवा वर्गमित्राकडून समजून घ्यायचं, सोडवलेलं उदाहरण बघायचं आणि मग नव्याने सुरुवात.

खट्टू होण्याबद्दल: पहिल्या महिन्यात लाल जास्तच येणार, हे आधीच सांगून ठेवावं. आणि हे पान गुणपत्रक नाही. त्यावर घरच्यांची सही नको, शेरा नको. सही मागितली की मूल निळं वाढवण्यासाठी पुस्तकात डोकावतं, आणि मग पान काहीच सांगत नाही.

सेमीवाले_पालक (इस्लामपूर)

म्हणजे आम्ही बघायचंच नाही?

शाई_आणि_कागद (वाई)

बघा की, पण मुलाने दाखवलं तर. आणि "इतकं लाल का?" याऐवजी "लालचं काय ठरवलंस?" एवढंच विचारा. शाळेच्या समग्र प्रगती पत्रकात आता मुलाने स्वतःबद्दल आणि मित्राबद्दल नोंद करायची जागा आहे. तिथेही हाच धोका आहे, सगळी मुलं सगळ्यात छान चेहऱ्यावर खूण करतात. लहान वर्गांना हिरवा-पिवळा-लाल ठिपका देताना एक अट घालावी: हिरवा लावलास तर आत्ता एक उदाहरण फळ्यावर सोडवून दाखव. दोन आठवड्यांत ठिपके खरे बोलू लागतात.

मिरजेचा_तंबोरा (मिरज)

तंबोऱ्याची जव्हारी (तारेचा घुमारा) लावणारा कारागीर घोडीवरचा, तारेखालचा दोरा केसभर सरकवतो, तार छेडतो, ऐकतो, परत सरकवतो. सरकवणं आणि ऐकणं एकाआड एक. दहा वेळा सरकवून मग एकदा ऐकलं तर स्वर हाती लागत नाही. सहामाहीनंतर एकदा तपासणाऱ्या मुलांचं तेच होतं, म्हणून तपासणी रोजची आणि छोटी हवी.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. मी सातवी आणि दहावीसाठी वेगळं असं मांडते, चुकलं तर सांगा. सातवीला रोज एका विषयाचं कोरं पान, आठवड्यातून एकदा विसंगतीचा खेळ, निबंधाच्या तीन फेऱ्या. दहावीला कोरं पान, पाच अक्षरांची चुकांची वही, आणि दर रविवारी ४० गुणांचा एक पेपर अंदाज-प्रत्यक्षसह.

गणितवेडा (कराड)

बरोबर आहे. एकच बदल: सातवीलाही चुकांची वही सुरू करा, फक्त वा, आ, उ या तीन अक्षरांवर. आणि रविवारचा पेपर त्याच दिवशी तपासू नका. मुलाने आधी न तपासलेल्या पेपरावर खात्री-शंकेच्या खुणा कराव्यात, सोमवारी उत्तरं.

हळकुंड (सांगली)

एक बारीक शंका. लाल पेन नसेल तर पेन्सिल चालेल का?

खडूफळा (सातारा)

पेन्सिल चालेल. खोडरबर नको.